टेबल सॉ आणि आपली दहा बोटं



या पानावर मी जास्त करून भाताबद्दल, खारेपाटाच्या बांधांबद्दल, नाहीतर गुरांबद्दल लिहितो. आजचा विषय शेताबाहेरचा वाटेल, पण तो शेतकऱ्याच्या हातांचाच आहे. टेबल सॉ, म्हणजे टेबलाखाली मोटर आणि टेबलाच्या चिरेतून वर आलेलं गोल ब्लेड. कोणी त्याला कटर मशीन म्हणतं, कोणी नुसतं सॉ. पूर्वी हे मशीन सुताराकडे असायचं, आता आपल्या पडवीत आलंय.

आमच्या जोह्याकडे ते का आलं, हे बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. जोहे, हमरापूर, तांबडशेत, कळवे, दादर हा पेण तालुक्यातला गणपतीचा पट्टा. घरोघर कारखाने. भात झोडून झालं की पेंढा कारखान्यात जातो, मूर्ती गाडीत भरताना तोच खाली-मध्ये लागतो. आणि भात निघालं की शेतकऱ्याच्या हाताला कामही कारखान्यातच मिळतं. मूर्ती सुकवायच्या मांडण्या, मोठ्या मूर्तीखालचे पाट, गाडीत मूर्ती हलू नये म्हणून ठोकायच्या पट्ट्या आणि पाचरी, हे सगळं लाकूडकाम. शिवाय घरचं आहेच. गोठ्याचं दार, कुदळीचे दांडे, आंब्याच्या पेट्या, उघाडीला लावायच्या फळ्या. हातकरवतीने दिवसभर लागणारं काम मशीनवर तासाभरात होतं. त्यामुळे मशीन घेऊ नका असं मी सांगणार नाही. आमच्याकडेही आहे, आणि मुलगा ते चालवतो.

पण मळणीयंत्रावर, कडबाकुट्टीवर आपण हात गमावलेली माणसं बघितली आहेत. त्या यंत्रांची भीती आपल्याला आहे. या मशीनची अजून बसलेली नाही, कारण ते लहान दिसतं आणि लोण्यासारखं कापतं.

आधी वेगाचा हिशोब करू

१० इंची ब्लेड, मोटर मिनिटाला २८०० फेरे. ब्लेडचा घेर साधारण ८० सेंटीमीटर. म्हणजे ब्लेडचा दात मिनिटाला सव्वादोन किलोमीटर पळतो, ताशी सुमारे १३४ किलोमीटर. मुंबई-गोवा हायवेवर एवढ्या वेगाने गाडी गेली तर आपण रस्त्यापासून चार पावलं मागे सरू. इथे मात्र दातापासून चार इंचांवर बोट ठेवतो.

माणसाला काही टोचलं की हात मागे घ्यायला साधारण पाव सेकंद लागतो. तेवढ्यात हे ब्लेड ११-१२ वेळा फिरतं. ४० दातांचं ब्लेड असेल तर साडेचारशेच्या वर दात बोटावरून गेलेले असतात. "मी सावध असतो, लागलं की लगेच हात काढीन" असं म्हणणाऱ्याला हा हिशोब सांगा. चपळाईचा इथे उपयोग नाही. हात मुळात तिथे जाताच कामा नये, एवढाच उपाय.

आणखी एक. काही जण मार्बल कटर उलटा करून प्लायवूडच्या खाली बोल्टने बसवतात आणि त्यालाच टेबल सॉ म्हणतात. त्याचं ब्लेड चार इंची, म्हणून पोरांना ते खेळणं वाटतं. पण तो कटर मिनिटाला १२ हजारांच्या आसपास फिरतो. त्याच्या दाताचा वेग काढला तर ताशी अडीचशे किलोमीटरच्या घरात जातो, म्हणजे मोठ्या मशीनच्या जवळजवळ दुप्पट. त्यात बटण दाबून ठेवायला टेप गुंडाळलेली असते. बंद करायचं तर टेबलाखाली वाकून हात घालायचा. हा जुगाड कोणाच्या घरी असेल तर आजच खोला. ग्राइंडरला लाकडाचं दातेरी ब्लेड लावणं हाही त्याचाच भाऊ.

लाकूड उलटं का येतं

बोट कापलं जातं हे सगळ्यांना कळतं. पण या मशीनचा दुसरा धोका बऱ्याच जणांना माहीत नाही, आणि बोटं पुष्कळदा त्याच्यामुळेच जातात. त्याला किकबॅक म्हणतात.

ब्लेडचे पुढचे दात, म्हणजे आपल्याकडचे, वरून खाली येतात. ते लाकूड टेबलावर दाबून धरतात. मागचे दात मात्र खालून वर येतात. कापलेलं लाकूड मागे गेल्यावर त्या मागच्या दातांना चिकटलं तर दात त्याला उचलतात आणि आपल्याच अंगावर फेकतात. दाताचा वेग आपण वर काढलाच आहे. पोटात, मांडीत, तोंडावर, कुठेही बसू शकतं. आणि लाकूड असं अचानक उडालं की त्याच्यावर दाबलेला हात रिकामा होऊन सरळ ब्लेडवर पडतो.

लाकूड मागच्या दातांना तीन कारणांनी चिकटतं.

पहिलं, लाकूड स्वतःच मिटतं. ओलं लाकूड, गाठीचं लाकूड, ताण असलेलं लाकूड कापलं की चीर उघडी न राहता बंद होऊ लागते आणि ब्लेडला चिमटा बसतो. आपल्या कोकणात हे कारण सगळ्यात मोठं. जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट की वखारीतून सुकं म्हणून आणलेलं लाकूडही पडवीत ओल धरतं. आंबा, रेन ट्री, सुरू ही लाकडं नीट सुकलेली नसली की हमखास वाकतात.

दुसरं, गाइड वाकडा असतो. ज्याला फेन्स म्हणतात ती बाजूची पट्टी ब्लेडला समांतर हवी. ती मागच्या बाजूने ब्लेडकडे झुकलेली असेल तर लाकूड आत दाबलं जातं. तपासायची पद्धत सोपी. प्लग काढा. ब्लेडच्या एका दातावर खडूची खूण करा. तो दात पुढे असताना गाइडपर्यंतचं अंतर मोजा, मग ब्लेड हाताने फिरवून तोच दात मागे न्या आणि पुन्हा मोजा. दोन्ही मापं एकच आली पाहिजेत. मागे केसभर जास्त आलं तर चालेल, कमी अजिबात नको.

तिसरं, आपण स्वतः लाकूड तिरकं करतो. गाइडला न टेकवता, नुसत्या हाताने, पेन्सिलच्या रेघेवरून कापायला गेलं की हे होतं. त्याचप्रमाणे आखूड तुकडा आडवा कापताना गाइडचा आधार घेतला की तुकडा ब्लेड आणि गाइड यांच्यामध्ये अडकतो आणि गोळीसारखा सुटतो. नियम लक्षात ठेवा: उभा काप गाइडला धरून, आडवा काप सरकत्या गुण्याला धरून. दोन्ही आधार एकाच वेळी नाहीत, आणि आधाराशिवाय तर कापच नाही.

यावर सगळ्यात चांगला इलाज म्हणजे ब्लेडच्या मागे उभी असलेली पोलादी पट्टी, रायव्हिंग नाइफ. ती चिरेत शिरते आणि चीर मिटू देत नाही. तिची जाडी ब्लेडच्या पत्र्यापेक्षा जास्त आणि दातांनी पाडलेल्या चिरेपेक्षा कमी हवी. ब्लेडचा पत्रा २.२ मिलिमीटर आणि चीर ३.२ असेल तर पट्टी अडीचची. ही काही आजकालची परदेशी चैन नाही. आपल्या १९४८ च्या कारखाने कायद्यात यंत्राचे धोकादायक भाग झाकायचं कलम २१ होतं, आणि त्याखालच्या लाकूडकामाच्या नियमांत गोल करवतीमागे ही पट्टी हवी, ती दातांपासून १० मिलिमीटरच्या आत हवी, आणि ढकलायची काठी मशीनजवळ हवी, असं लिहिलेलं होतं. आपली पडवी कारखान्यात मोडत नाही, म्हणून तपासायला कोणी येत नाही. पण लाकडाला पडवी आणि कारखाना यातला फरक कळत नाही.

गावात अँगलची फ्रेम मारून बनवलेल्या मशीनला ही पट्टी बहुधा नसते. मशीन बनवून घेतानाच फॅब्रिकेशनवाल्याकडून ती करून घ्या. ती हलता कामा नये, आणि ब्लेड वर-खाली होतं तशी तीही व्हायला हवी.

पंपाचा ऑटो इथे चालत नाही

हा मुद्दा खास शेतकऱ्यांसाठी. आपल्याला पंपाच्या स्टार्टरला ऑटो लावायची सवय. रात्री लाइट आली की पंप आपोआप सुरू. तीच सवय मशीनच्या बाबतीत जीव घेऊ शकते. काम चालू असताना लाइट जाते. आपण बटण बंद न करता फळी तशीच ठेवून चहाला जातो, नाहीतर ब्लेडमध्ये अडकलेला तुकडा काढायला हात घालतो. तेवढ्यात लाइट येते.

साध्या पियानो बटणावर किंवा एमसीबीवर हे मशीन चालवू नका. पंपाला असतो तसा नो व्होल्ट कॉइलचा डीओएल स्टार्टर लावा, पण ऑटोशिवाय. लाइट गेली की तो सुटतो आणि पुन्हा हिरवं बटण दाबल्याशिवाय मशीन सुरू होत नाही. लाल बटण मांडीने किंवा गुडघ्याने दाबता येईल असं टेबलाच्या पुढच्या बाजूला घ्या, कारण गरज पडते तेव्हा दोन्ही हात लाकडावर असतात. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. पावसात पडवीची जमीन कायम ओली असते. बारीक वायरची लांबलचक एक्स्टेंशन नको. व्होल्टेज पडतं, मोटर दमते, ब्लेड लाकडात अडकतं आणि आपण जोर लावून ढकलू लागतो. नेमकं ढकलताना हात घसरतो.

रोजची शिस्त

ब्लेडची उंची लाकडाच्या वर एक दात दिसेल एवढीच. ब्लेड बदलताना, स्वच्छ करताना, उंची तपासताना बटण बंद करून भागत नाही, प्लग हातात दिसला पाहिजे. नवीन ब्लेडवर जास्तीत जास्त फेरे छापलेले असतात. ते मोटरच्या फेऱ्यांपेक्षा जास्त हवेत.

ब्लेडच्या रेषेत उभं राहू नका. किंचित डावीकडे उभं राहा, म्हणजे फेकलेलं लाकूड बाजूने जाईल.

हात ब्लेडपासून वीतभर लांब. त्याहून जवळ न्यायची वेळ आली की काठी घ्या. प्लायवूडच्या तुकड्याला खाच पाडली की ढकलकाठी तयार. चार-पाच करून ठेवा, एक मशीनला दोरीने बांधा. काठी कापली गेली तर दुसरी होते.

मागे उभा असलेला मदतनीस फळी फक्त तोलून धरेल, ओढणार नाही. ढकलायचं काम एकाचंच. दोघांनी जोर लावला की फळी तिरकी होते आणि पुढच्याचा तोल जातो.

कापलेला तुकडा ब्लेडशेजारी पडला तर पडू द्या. बटण बंद केल्यावरही ब्लेड काही सेकंद फिरत राहतं. आवाज कमी झाला की ते थांबलं असं वाटतं, पण थांबलेलं नसतं.

हातमोजे घालू नका. फवारणीला मोजे घाला असं आपणच सांगतो, त्यामुळे इथे गोंधळ होतो. फिरत्या ब्लेडला मोज्याचा एक धागा सापडला की अख्खा हात आत ओढला जातो. मनगटातला गंडा, गळ्यातला टॉवेल, लोंबती बाही, लुंगी, यातलं काहीच नको.

जुनं लाकूड, खोक्यांच्या पट्ट्या, मोडलेल्या मांडण्या कापण्याआधी चुंबक फिरवून खिळे शोधा. गोल फांदी, ओंडका या मशीनवर कधीच नाही. तो टेबलावर फिरतो आणि ब्लेड त्याला गरगर फिरवून फेकतं. ओंडका आरागिरणीत न्यायचा, आणि झाड तोडण्याआधी १९६४ च्या झाडतोड कायद्याप्रमाणे परवानगी लागते का ते बघायचं.

खाऱ्या हवेने टेबल गंजतं. गंजावर फळी अडखळते आणि जोर लावावा लागतो. पॉलिश पेपर मारून वर मेण घासा. महिन्याचं दहा मिनिटांचं काम आहे.

चष्मा आणि मास्क. लाकडाची धूळ ही माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ठरवलंय. आमच्याकडे त्यात प्लॅस्टरची पांढरी धूळही मिसळते. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही.

घाईची किंमत

आमच्या पट्ट्यातला एक कारागीर सांगतो. नाव आणि कारखाना सांगत नाही. तो आखणीचा माणूस. मूर्तीचे डोळे रेखाटणं म्हणजे आखणी, या धंद्यातलं सगळ्यात वरचं काम. त्याच्या हाताखाली पोरं शिकायची. श्रावणाच्या आधीची रात्र, गाड्या भरायच्या होत्या, सुतार आला नव्हता आणि पाचरी कमी पडल्या. चार पाचरी तर कापायच्या, म्हणून हाच मशीनवर गेला. गार्ड आधीच कोणीतरी काढून ठेवला होता. लहान तुकडा, गाइडला टेकवून, बोटाने ढकलत. उजव्या हाताची तर्जनी दोन पेरं गेली.

माणूस वाचला, जखम भरली. आता तो अंगरंग मारतो, स्प्रेगनने. त्याला कोणी कामावरून काढलं नाही. पण आखणीची मजुरी वेगळी असते आणि अंगरंगाची वेगळी. गणपती गाडीत चढताना तो आता डोळ्यांकडे बघत नाही, असं त्याची बायको सांगत होती.

शेतकऱ्याचंही तेच आहे. आवण लावताना रोप अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत धरून चिखलात रोवावं लागतं. कासेतून दूध काढायला, कोयता धरायला, मोटरची वायर जोडायला हीच बोटं. सात-बारावर बोटांची नोंद नसते, पण पीक त्यांच्यावरच येतं.

आमच्या घरात यावरून वाद झाला. मुलाचं म्हणणं, "बाबा, गार्ड आणि ती पट्टी लावून काम होत नाही. काढायला-घालायला वेळ जातो. शंभर पाट द्यायचेत." मी म्हटलं, "घड्याळ लावून बघू." गार्ड काढून परत बसवायला दोन मिनिटं लागली, आणि शंभर पाटांच्या उभ्या कापासाठी तो मुळात काढावाच लागत नाही. त्याला त्रास होत होता तो गार्डचा नव्हताच. गार्डची काच धुळीने आंधळी झाली होती, म्हणून रेघ दिसत नव्हती. काच पुसली, वाद तिथे संपला. पण एक गोष्ट ठरवून टाकली आहे: रात्री दहानंतर मशीनचा प्लग आणि ब्लेडची किल्ली घरात. ऑर्डर कोणाचीही असो. ही ऑर्डर आम्ही एकदा सोडलीसुद्धा. त्या महिन्यात पैसे कमी आले, ते खरं आहे.

बाहेर काय झालंय

अमेरिकेत स्टीव्ह गॅस नावाच्या माणसाने १९९९ मध्ये एक युक्ती शोधली. ब्लेडमध्ये बारीकसा विद्युत संकेत सोडायचा. माणसाच्या शरीरातून वीज वाहते, सुक्या लाकडातून नाही. त्यामुळे बोट टेकताच मशीनला ते कळतं आणि ॲल्युमिनियमचा ठोकळा ब्लेडमध्ये घुसून पाच मिलिसेकंदांच्या आत ते थांबवतो. बोटाला नुसता ओरखडा. सॉस्टॉप नावाने ही मशीन विकली जातात. आता गंमत बघा, लाकूड फार ओलं असेल तर ते मशीन लाकडालाच बोट समजून थांबतं. म्हणजे तिथेही पहिला धडा तोच, लाकूड सुकवून घ्या. आपल्या पडवीतल्या मशीनला ही सोय नाही. आपली सोय म्हणजे पट्टी, गार्ड, काठी आणि झोप.

तरीही झालंच तर

मशीन बंद. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, हात छातीच्या वर. हळद, चहापूड, चुना, राख काही लावू नका. डॉक्टरला ते आधी साफ करत बसावं लागतं.

तुटलेलं बोट भुशात शोधा. ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा, आणि ती पिशवी बर्फ-पाण्याच्या दुसऱ्या पिशवीत ठेवा. बोट थेट बर्फावर किंवा पाण्यात ठेवलं तर खराब होतं. १०८ ला फोन करा. पेणच्या उपजिल्हा रुग्णालयात रक्त थांबवून धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या, आणि बोट जोडणारे सर्जन पनवेल, नवी मुंबई, मुंबईकडे कुठे आहेत हे तिथेच विचारून पुढे निघा. वाटेत काही खाऊ-पिऊ देऊ नका, भूल द्यावी लागते.

हा शेवटचा भाग घरातल्या बायकांना आणि पोरांना वाचून दाखवा. अपघात होतो तेव्हा ज्याला तो झाला त्याला काही सुचत नसतं, धावपळ घरच्यांनाच करावी लागते.

कृषी अधिकारी आणि विज्ञान केंद्राची मंडळीही हे पान वाचतात. त्यांना एक विनंती. मळणीयंत्र, कडबाकुट्टी यांच्या सुरक्षिततेचं शिबिर घेता, त्यात एक तास या मशीनचाही ठेवा. गावात ती आता ट्रॅक्टरपेक्षा कमी नसतील.

आणि तुमच्या घरी मशीन असेल तर आज एवढं बघा: ब्लेडच्या मागे पट्टी आहे का, आणि लाइट जाऊन आली तर मशीन आपोआप सुरू होतं का. दुसरी गोष्ट तपासताना लाकूड आणि माणसं दोन्ही लांब ठेवून, मेन स्विच बंद-चालू करून बघा. काय आढळलं ते जरूर कळवा. पुढच्या वेळी पुन्हा भातावर येऊ, राब भाजणीचं लिहायचं राहिलंय.